बिबडे मस्कतला जातात

जळगाव, १८ मे १९९३

आदरणीय झुलाल नाना यांस,

जळगावहून अभिमनचा रामराम. तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? कमलवहिनींना नमस्कार. त्यांचा दमा उन्हाळ्यात शांत असतो, म्हणून त्याची चौकशी पावसाळ्यात करीन. इकडे सगळं ठीक आहे (पत्रात असं लिहावं लागतं).

आमची कंपनी परदेशात गेली, हे तुमच्या कानी आलंच असेल. कंपनी म्हणजे मी आणि तुमची धाकटी बहीण, बेबाबाई. लोक विचारतात, जळगाव सोडून एकदम मस्कत कशाला? त्याचं कारण गावातच आहे. मागच्या वर्षी मी डाळमिलची नोकरी सोडली आणि तिच्या हातचे ज्वारीचे बिबडे विकायला निघालो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात कुठल्या घराच्या गच्चीवर बिबडे वाळत नाहीत? ज्या दारात जावं तिथली बाई माझा बिबडा चाखायची, लसूण कमी पडल्याचं सांगायची आणि स्वतःचे बांधून द्यायची. मी चार डबे घेऊन निघायचो आणि पाच घेऊन परतायचो. तेव्हा मला उमगलं की जिथे हा पदार्थ कुणालाच येत नाही, तिथेच आपला माल खपेल.

दिवाळीत आमच्या गल्लीतला चिंधा सुटीवर आला. तो मस्कतला पाइप जोडायच्या कामावर असतो. जाताना त्याने एक डबा नेला आणि तिथल्या एका कच्छी दुकानदाराला चाखवला. फाल्गुनात त्या शेठचं पत्र आलं, चाळीस खोकी पाठवा म्हणून. त्या दिवशी मी जेवलो की नाही, आठवत नाही.

चैत्रात गच्ची भरली. तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचा घाटा, त्यात मिरची, लसूण, तीळ. ओल्या धोतरावर तुमची बहीण हाताने असा गोल थापायची की परकाराला मागे टाकावं (परकार म्हणजे वर्तुळ काढायचं ते, परकर नव्हे, नाहीतर वहिनी रागावतील). मला काठी देऊन कावळे हाकायला बसवलं होतं. नाना, खरं सांगतो, वारा शिरून ती धोतरं फुगली की गच्ची हळूच हलायची. खाली गल्लीचा आवाज पुसट व्हायचा, लाटांचा यायचा. मी पाण्याकडे बघत बसायचो. पलीकडे पांढरी गावं दिसायची, खजुराच्या सावलीत लांब झगे घातलेली माणसं बिबडा उन्हाकडे धरून त्यातून सूर्य बघत असायची. एक दिवस त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला हात केला. मीही केला. तेवढ्यात कावळ्यांनी एक अख्खी रांग नेली.

खोकी मुंबईहून जहाजात चढली. मी नकाशावर बोट ठेवून रोज थोडं थोडं पुढे सरकवत होतो. परवा शेठचं पत्र आलं. एकही बिबडा अख्खा पोचला नव्हता. चाळीसही खोक्यांत चुरा. पण पुढे लिहिलं होतं की त्याने चुऱ्यावर कांदा आणि तेल घालून दुकानाच्या दारात ठेवला, आणि दोन दिवसांत संपला. केरळचे लोक घेऊन गेले, तिथले अरब घेऊन गेले. आपल्याकडचा एक मजूर मूठभर घेऊन बराच वेळ नुसता वास घेत उभा होता म्हणे. पुढच्या खेपेला ऐंशी खोकी हवीत, पण चुराच पाठवा.

मी आनंदाने पत्र मोठ्याने वाचलं. तुमच्या बहिणीने घाट्याचे हात धुतले. मी समजावलं, परदेशी बाजारात जायचं तर तिथल्या माणसाला जे आवडतं ते द्यावं लागतं. अख्खे वाळवू आणि मग मुसळाने हलकेच फोडू. ती एवढंच म्हणाली, “मोडानंच शे, ते मंग थापू कसाले?”



आपला,
अभिमन

ता. क. बेबाबाई आज सकाळच्या एस.टी.ने तुमच्याकडे निघाली आहे. मला फक्त “माहेरी जाऊन येते” म्हणाली. मी लिहिलंय हे कळू न देता तिची समजूत घालावी. पत्राचं मूळ कारण हेच.

ता. क. २. समजूत पटत नसेल तर निदान घाट्यात मीठ कधी घालतात ते विचारून कळवा. मी आज एक धोतर थापलं. बिबडे आणि धोतर आता वेगळे होत नाहीत.

ता. क. ३ (२३ मे). पत्र टाकायचं धाडस झालं नाही, खिशातच राहिलं. काल ती परत आली. तुमच्या कॉलनीतल्या नोकरदार बायकांना गच्ची नाही, सवड नाही. त्यांनी अख्ख्या बिबड्यांची मागणी लिहूनच दिली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी मस्कतचं विचारलं. म्हणाली, “जे मोडी ते परदेश जाई. मी नही मोडस.” म्हणजे आता आमची परदेशी शाखा माझ्या धांदरटपणावर चालणार. तिला भरवसा आहे की ऐंशी खोकी सहज भरतील.