गप्प बसायची जागा

नंदुरबार, मंगळवार, जानेवारी १९६२

चार दिवस लिहायचा कंटाळा केला. आजही केला असता, पण ती कुजबुज कानातून जात नाही.

आमचे मास्तर इंग्रजी मासिकं वाचतात. म्हणतात, विलायतेत रंगमंचावरून राजे-राण्या गेल्या, स्वयंपाकघरं आली, आणि गप्प बसणं हाही आता संवादच. म्हणून त्यांच्या नाटकात मी बंद दाराकडे बघत बराच वेळ मुका उभा. प्रॉम्प्टर बापूंना हे पटत नाही. मी विसरलो समजून दर तालमीला ते पुढचं वाक्य फुंकतात, "दार उघड."

"बापू, तो मुद्दाम गप्प आहे!"

"मुद्दाम कोन इसरस, मास्तर?"

आज बापू धडगावला, लेकीकडे. नाटकाची वहीसुद्धा त्यांच्याच पिशवीत. उद्या प्रयोग, म्हणून दिवेलागणीला कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये मी आणि मास्तर दोघंच. मी गप्प झालो. आणि मागून, अगदी कानाशी, "दार उघड."

मास्तर तर समोर बसलेले. त्यांनीही ऐकलं. कंदील उचलून निघाले.

उद्या तिथेच गप्प उभं राहायचंय. जमेल मला?

कडी वाजतेय. बापूंचा आवाज! ते तर उद्या दुपारी यायचे होते.

"दार उघड रे भाऊ, आत्तेच टरकमाईन उतरनू. तालीम व्हयनी का?"