अव्वा, तुझी कवळी सैलच होती

प्रिय अव्वा,

आज दातांच्या डॉक्टरकडून आलो आणि दुकान न उघडता सरळ कागद घेऊन बसलो. तू जाऊन दोन वर्षं झाली. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला कवळी बसली, अव्वा! हस, पोटभर हस. आठ दिवस झाले. गिऱ्हाइकाला लुगडी दाखवताना खालची कवळी मधेच उचलते आणि मी तोंडावर हात धरून गप्प होतो. उजवीकडे हिरडीत असं रुततं की डोळ्यांत पाणी येतं. कडक भाकरीचं नावच नको, आमटीत भिजवलेला घाससुद्धा तोंडात घोळवत बसतो.

आज डॉक्टरांनी विचारलं, "कुठं टोचतंय?" मी बोट लावून दाखवलं. त्यांनी कवळी तेवढ्याच जागी घासली आणि परत बसवली. पाच मिनिटं, अव्वा! दुखणं निम्मं झालं आणि मला खुर्चीतच रडू आलं. त्यांना वाटलं, दुखलंच.

शोभाचा साखरपुडा आठवतो? वैरागचे पाहुणे येणार होते आणि लेकीच्या सासरच्यांपुढं माझ्या आईचं बोळकं तोंड मला नको होतं. किती हलका विचार! तू तुझ्या कानडीत म्हणत होतीस, "ब्याडप्पा!" आणि मग मराठीत, "नको रे मला. दुधात भाकरी कुस्करून खाते की मी." तरी तुला नेलं, उरलेले चार दात काढवले आणि लगेच माप द्यायला लावलं.

त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तीन महिने थांबा. हिरड्या आटतात, मग कवळी सैल होते. थांबायचं नसेल तर नंतर घेऊन या, नीट बसवून देतो." मी मान डोलावली. घरी येऊन तुला काय सांगितलं? सवयीनं बसेल!

"मल्लू, लई रुततंय रं. काढू का?" त्या दिवशी सकाळपासून तू तीनदा विचारलंस. मी तिन्ही वेळा डोळे वटारले.

मग पंगतीत तुझी कवळी निसटून ताटात पडली. तू घाईनं पदराखाली घेतलीस. विहीणबाई बिचाऱ्या काळजीनं म्हणाल्या, "आज्जी जेवंनात व्हय?" आणि मी हसत म्हणालो, "आमची अव्वा लई हट्टी हाय. सवयच करून घेत न्हाय!" सगळे हसले. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि ताट बाजूला सारलंस.

तेव्हाच बोलायचं होतंस ना! चारचौघांत माझा कान धरायचा होतास. पण तू माझी लाज राखलीस आणि मी तुझी घालवली.

नंतर तरी तुला डॉक्टरकडं न्यायचं होतं. नेलं नाही. साखरपुडा पार पडला होता, माझी गरज संपली होती. हे लिहितानाही मान खाली जाते.

आता शोभा एखाद्या गोष्टीला अडून बसली की जावई म्हणतात, "आज्जीवर गेलीय." सगळे हसतात. मीही हसतो, अव्वा. आजवर हसत आलो.

येत्या सोमवारी शोभाच्या सासरी, वैरागला, जेवायला बोलावलंय. जाणार आहे. ज्यांच्यापुढं तुला हट्टी म्हणालो, त्याच माणसांपुढं सांगेन की अव्वा हट्टी नव्हती, तिची कवळीच सैल होती. डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं. बोलताना माझी कवळी उचलली, तर ती काढून हातात घेईन. बोळक्या तोंडानं सांगेन, पण सगळं सांगूनच उठेन.

तुझा,
मल्लू