मनुकांच्या पाण्यात काय होते

३ मार्च १९३६
महिला उद्योगशाळेत द्राक्षांच्या मनुका करण्याचा प्रयोग सुरू होऊन महिना झाला. बाजारात दाखविण्याजोगी एक मूठही नाही. वीस-वीस दिवस ऊन देऊनही द्राक्षे काळवंडतात, बुरशी धरतात. हंगामाअखेर माल न निघाल्यास व्यवस्थापक मंडळ हे काम बंद करणार. बारा बायका घरी बसतील.

आज सायखेड्याच्या गंगूबाईंनी द्राक्षे धुण्याच्या पाण्यात परस्पर काहीतरी घातले. काय, ते मी विचारलेही नाही. लेखी कृतीबाहेर जाणारे हात मला नकोत. कामावरून काढले. त्यांचे द्राक्षांचे सूप फेकण्यास सांगितले.

११ मार्च
सूप फेकलेले नाही! कामावरच्या रहमतबींनी गच्चीवर ठेवले होते. "खायाची चीज हाय बाई, फेकू कशी?"

आठ दिवसांत मनुका तयार. रंग मधासारखा. शेजारी माझी सुपे, सडत.

१२ मार्च
पाण्यात काय होते, कुणालाच ठाऊक नाही म्हणे. अकराजणी मांडीला मांडी लावून बसतात, आणि एकीनेही पाहिले नाही? रागावणार नाही, असे म्हटले. तेही बहुधा रागावूनच. शेवटी रहमतबी : "जिनं करून बघितलं ती घरी बसली, बाई. आमाला पोरंबाळं हायेत."

सायखेड्याच्या मोटारीची वेळ विचारून घेतली.

१४ मार्च
सर्व्हिस मोटारीने सायखेड्यास. धूळ. गंगूबाई ओट्यावर पापड लाटीत होत्या, उठल्या नाहीत.

"तवा इचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं."

"चुकले," मी म्हटले. हा शब्द पूर्वी केव्हा उच्चारला होता, स्मरत नाही.

"पापडखार. अन् तेलाचं बोट. द्राक्षाची साल लय चिवट, म्हनलं मऊ पडंल. तुमाला सुचलं नाय व्हय? येवढं शिकलाय!"

सालीवर मेणाचा पातळ थर असतो. क्षाराने तो सुटतो. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात मी पहिली आले होते.

कामावर येण्यास त्या तयार, पण अट घालून : "फेकाफेक बंद. बिघडलं तर बिघडलं. म्होरं ठिवायचं, समद्यांनी बघायचं."

मान्य केले. त्यांनी पापड बांधून दिले. नको म्हणता आले नाही.

१७ मार्च
गंगूबाई आल्या. खाराचे प्रमाण विचारले, तर "बोटाला बुळबुळीत लागंल येवढा." मी तराजू काढला. बायका हसल्या. अखेर त्यांनी चिमटीने घ्यायचे आणि मी ते तोलून लिहायचे, असे ठरले. तीन वेळा घेतले. तिन्ही वेळा वजन जवळपास तेच. हे कौतुक त्यांना बोलून दाखवायला हवे होते.

दुपारी रहमतबी : "बाई, माझं सूप सावलीत ठेवू का? वाऱ्यावर?"

उन्हाविना द्राक्ष सुकेल कसे? ओठांवर आले ते गिळले. मंडईत द्राक्षे आणखी आठ-दहा दिवसच मिळतील. एक सूपही वाया घालविणे परवडणारे नाही.

"ठेवा," म्हटले.

ते बिघडणार, अशी माझी खात्री आहे.