हरकत नोंदवायची राहिली

५ मे, रविवार
मुलीने आणि जावयाने सगळ्यांना हिंदी सिनेमाला नेले. साठीतला विधुर, साठीतली विधवा, दोघांचे लग्न. त्याची तीन पोरे, तिची दोन, न्हाणीघर एक. हॉल हसून लोळत होता. मी मात्र ओळखले, की मुलीने हा सिनेमा मुद्दाम निवडलाय. मी विधुर. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, विधवा. शहाण्याला शब्दाचा मार. शिवाय आमच्यात पोरांची भांडणे लागायची भीती नाही. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी आधीपासूनच एका घरात भांडतात.
एकच खटकले. विहीणबाईंच्या शेजारच्या सीटवर आमचे दातवाले डॉक्टर. जावई म्हणाला, तिकीट जास्तीचं होतं. जास्तीचे तिकीट परत करता येते.

६ मे, सोमवार, सकाळी
संकल्प : विहीणबाईंना मागणी घालायची, तीही कवितेतून. शाळेत मी कविता म्हणू लागलो की गुरुजी डोळे मिटून घेत. तो तास आठवला की अजून अंगावर काटा येतो.
पहिली ओळ तयार. वृत्त भुजंगप्रयात.
'सुखाची सखी तू सदा सोबतीला'
मोठ्याने म्हणून पाहिली. कवळी प्रत्येक 'स'ला शिट्टी घालते. एका ओळीत चार. कुकरसुद्धा तीनवर थांबतो.
शब्द बदलावेत तर वृत्त मोडते. त्यापेक्षा कवळी बदलू.
कवळी केली कोणी? दातवाल्यांनीच.

९ मे, गुरुवार
मला मत्सर नाही, नोंद असावी. पण सत्तरीला टेकलेल्या माणसाचे सगळे दात स्वतःचे असणे हे काही चांगले लक्षण नव्हे. आयुष्यात कडक काही वाट्यालाच आले नसणार.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे मुलीकडे चहाला गेलो. दातवाले हजर. त्यांच्या विनोदांवर विहीणबाई नुसत्या हसतात. माझ्या विनोदांवर म्हणतात, काहीतरीच तुमचं, व्याहीबुवा! आपलेपणा कुठे जास्त, हे उघड आहे.

११ मे, शनिवार
दवाखान्यात गेलो. नव्या कवळीचे माप. थंड लगद्याने भरलेला साचा तोंडात कोंबून दातवाले म्हणाले, हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि स्टूल ओढून स्वतः बोलायला बसले.
म्हणाले, घरात मोठे तुम्हीच. तुमच्या विहीणबाईंना मी लग्नाचं विचारलंय. त्या म्हणतात, आधी व्याहीबुवांना काय वाटतं ते बघा. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा, मला राग नाही.
मी दोन्ही हात हलवले. त्यांना वाटले, लाळ साठली. नळी लावली. मी आँ आँ केले. म्हणाले, झालं, झालं, आता मिनिटभर.
साचा निघाला, चूळ भरली, तोवर त्यांचे डोळे भरून आले होते. माझा हात धरून म्हणाले, मनाचा मोठेपणा लागतो हो.
अशा वेळी हरकत घेणे असभ्य दिसले असते. पुढच्या भेटीत ठणकावून सांगेन.

१२ मे, रविवार
काळजी नाही. सिनेमात इथेच इंटरव्हल होतो. इंटरव्हलनंतर बाजी पलटते. चहाला गेलो नाही. विहीणबाईंना जरा चुकल्याचुकल्यासारखे वाटू दे.

१४ मे, मंगळवार
कवळी मिळाली. ठणकावायचे होते, पण दवाखान्यात गर्दी. 'स' मात्र लोण्यासारखा.
कविता खिशात घालून मुलीकडे गेलो. तिने दारातच मिठी मारली. बाबा, तुम्ही इतक्या मोकळ्या मनाचे असाल असं वाटलं नव्हतं! आई अडूनच बसल्या होत्या, व्याहीबुवांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही म्हणून. तुम्ही हो म्हणालात आणि काल त्यांनी होकार दिला. सिनेमालाही तुमचा अंदाज घ्यायलाच नेलं होतं. किती हसत होतात तुम्ही!
मी हसत नव्हतो. जुन्या कवळीत तसा चेहरा होत असे.
विहीणबाई चहा घेऊन आल्या. माझ्याकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, अभिनंदन. एवढा शब्द अगदी स्वच्छ आला.

२ जून, रविवार
लग्न झाले. साक्षीदार म्हणून सही माझी. नंतर मुलीने आग्रह धरला, बाबा, एखादी कविता म्हणा ना. तयार अशी एकच होती. म्हटली. एकही शिट्टी नाही. टाळ्या. दातवाले अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, काम कसं झालंय बघा!
विहीणबाईंनी विचारले, कधी लिहिलीत? मी म्हणालो, काल. तुमच्या दोघांसाठी.

१६ जून, रविवार
मुलगी म्हणाली, आईंची खोली रिकामीच आहे, इथेच राहायला या. जाणार नव्हतो. तिला वाईट वाटेल म्हणून कालच सामान हलवले.
आज ती दोघे चहाला आली. आत दातवाले जावयाची दाढ तपासत होते. विहीणबाई गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, एक विचारू, व्याहीबुवा? तुम्हाला स्वतःला कधी वाटलं नाही, परत कुणाची सोबत असावी?
मी म्हणालो, छे! या वयात कसलं काय.
त्यांनी कप हातात नुसता फिरवला. म्हणाल्या, तेच. मला वाटलं होतं, तुम्ही हरकत घ्याल. मी थांबलेही होते.
रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होते. होत नव्हती.
मी विचारले, साखर बरोबर झालीय ना?
म्हणाल्या, बरोबर आहे.