सासरहून परत आलेला फ्रिज

जबलपूर
६ मे २०२५

ती. बेबीताईस,
धाकट्या रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. क्षमा तुझ्याकडे नागपूरला सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र पाडव्याला आलं. ते उशीखाली ठेवून रोज उत्तर लिहायचं ठरवत होतो, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. आताही नाही. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि क्षमाला केला तर मी रडायला लागतो म्हणून ती ठेवून देते. पोर माझी, पण तिची खबर मला तुझ्याकडून मागावी लागते.

तिच्या सासऱ्यांनी, बापूसाहेबांनी, गेल्या आठवड्यात फ्रिज परत पाठवला. लग्नात आपण दिलेला तोच, निळा, एका दाराचा. हातगाडीवर आडवा घालून आणला, सगळ्या गल्लीनं पाहिला. बाकीचं सामान त्यांनी ठेवून घेतलं. फ्रिज लावला तर आतला दिवा लागतो, पण यंत्र मेल्यासारखं गप्प.

तेवढ्यावर मीही गप्प बसलो असतो. पण मग चिंतामणीदादांच्या नातवाची मुंज झाली. दादा म्हणजे आपल्या मंडळाचे अध्यक्ष, हे लग्न त्यांनीच जुळवलं होतं. तिथे भर पंगतीत बापूसाहेब म्हणाले की फ्रिज मेकॅनिकला दाखवला, तो म्हणाला याचं मूळच खराब आहे. वर म्हणाले, रत्नाकररावांच्या घरचा मालच असा, वरून चकचकीत, आतून बाद. ते कोणाबद्दल बोलून राहिले ते सगळ्यांना समजलं. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, सुनेला सगळ्या डॉक्टरांना दाखवून झालं, असं ते गावभर सांगतच असतात. जावई विनय त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याने मठ्ठा मागितला.

ताई, मी हातातला घास पानात परत ठेवला. तिथेच ठरवलं. हा फ्रिज मी चालू करणार, आणि त्यातलं बर्फाचं पाणी बापूसाहेबांच्या डोळ्यांदेखत सगळ्यांना पाजणार. मेकॅनिक बोलावणार नाही. इथले मेकॅनिक त्यांच्याही घरी जातात, एकजण जरी म्हणाला की माल जुना आहे, तरी त्यांचंच खरं होऊन बसेल. मी आठवी नापास, सगळा जन्म फॅक्टरीत लाकडी पेट्यांना खिळे ठोकण्यात गेला, आणि विजेला मी भितो, हे तुला माहीत आहे. पण मोबाइलवर माणसं सगळं उघडून दाखवतात. उद्या सदर बाजारात जाऊन थर्मोस्टॅट आणि दाराचं रबर आणतो.

वसुधा म्हणते, नवऱ्याला करंट लागला तर ती लाटणं मारून सोडवेल. ती लाटणं हातात घेऊन माझ्या मागे अशी उभी राहते की वाटतं, बाई त्याचीच वाट पाहून राहिली आहे.

क्षमाला यातलं काही सांगू नकोस. या धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
रत्नाकर


नागपूर
१० मे २०२५

चि. रत्नाकरास,
बेबीताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्षमाला सांगू नकोस म्हणतोस, पण घरात आम्ही दोघीच, पत्र लपवू कुठे? तिनेच मला वाचून दाखवलं. मुंजीतलं बोलणं वाचताना तिचा चेहरा दगडासारखा झाला. पण पुढे तू थर्मोस्टॅट आणायला निघालास असं आलं आणि ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मला ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले.

नंतर म्हणाली, बाबांना लिही की थर्मोस्टॅटला हात लावू नका, तो चांगला आहे. मी विचारलं, तुला इथे बसून काय कळतं? तर बाल्कनीत कपडे वाळत घालायला निघून गेली. कपडे सकाळीच वाळले होते.

पोर ठीक आहे. क्लासच्या ऑफिसात काम मिळालं आहे, दुपारी डबा नेते. आता जेवतेही. विनयचा फोन आला नाही, आणि तिने वाटही पाहिली नाही.

तुझी मात्र मला चिंता. लहानपणी विहिरीचा रहाट दुरुस्त करतो म्हणून तू बादली आणि दोर दोन्ही आत घालवले होतेस. खिळे ठोकणाऱ्यानं फ्रिजमध्ये खिळे ठोकू नयेत. आणि सूड घ्यायचा तर घे, मी कोण अडवणार, त्या माणसाला मीही ओळखते. फक्त चारचौघांत कोणावर आळ घेण्याआधी मला कळव. तू आधी बोलतोस आणि मग रात्रभर कुशी बदलतोस.

वसुधाला सांग, लाटणं हलक्या हाताने मार. आमची आठवण अशीच ठेव.

तुझी,
बेबीताई


जबलपूर
१६ मे २०२५

ती. बेबीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचेपर्यंत थर्मोस्टॅट बदलून झाला होता. काही फरक पडला नाही. दाराचं नवं रबर खोक्यात वाकडं झालं होतं, ते गरम पाण्यात बुडवून सरळ केलं आणि बसवलं. आता दार इतकं घट्ट लागतं की वसुधाला पाय लावून ओढावं लागतं. पण आत गार काही नाही. ठेवलेलं दूध नासलं, आणि त्याचंही खापर माझ्यावर.

मागची बाजू मी उघडत नव्हतो. कॉम्प्रेसरच्या त्या काळ्या मडक्यात गॅस असतो, तो सिलिंडरसारखा उडेल अशी भीती. परवा बजरंगबलीचं नाव घेऊन, प्लग काढून, ते लहान प्लास्टिकचं झाकण काढलं. ताई, आत काहीच नाही. मोबाइलमधल्या माणसाच्या फ्रिजमध्ये तिथे काड्यापेटीएवढा रिले असतो, त्याच्याशिवाय मडकं सुरूच होत नाही. आपल्यात तीन पिना उघड्या, आणि वायरी वळवून आत खोचलेल्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली, नीट, घडी घालून. चोर बघ कसा टापटिपीचा.

म्हणजे बापूसाहेबांनी रिले काढून घेतला, मग फ्रिज बाद म्हणून माझ्या दारात टाकला, आणि पंगतीत माझ्या मुलीचं नाक कापलं. आता मी नवा रिले मुद्दाम बसवत नाही. त्या पिना सगळ्यांना दिसू देत.

तू म्हणालीस आधी कळव, पण मी चिंतामणीदादांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, नुसत्या आरोपानं भांडण वाढेल, दोघांनीही शपथ घ्या. येत्या २५ तारखेला, रविवारी, आमच्याच घरी, फ्रिजसमोर सगळे बसायचे. दादा तिलवारा घाटावरून नर्मदेचं पाणी आणतील. बापूसाहेबांनी ते हातात घेऊन सांगायचं की त्यांच्या घरच्या कोणी यंत्राला हात लावला नाही. मग मी ते पाणी घेऊन सांगायचं की माझ्या घरच्या कोणी त्यातून काही पळवलं नाही. मला काय अडचण? माझं स्वच्छ आहे. नर्मदामाईची खोटी शपथ ज्यानं घेतली त्याचं घर बसतं, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. बसू दे त्यांचं. मी पाहायला तयार आहे. या आठवड्यात दोनदा जेवण गेलं मला.

क्षमाला सांग, तिचा बाप अगदीच पुचाट नाही. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
रत्नाकर


नागपूर
२० मे २०२५

ती. बाबांस,
क्षमाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र आणि सोबतचा डबा स्पीडपोस्टनं पाठवते आहे. रविवारच्या आत मिळायलाच हवा. डबा उघडण्याआधी खाली बसा. आईला सांगा, लाटणं लांब ठेव.

रिले डब्यात आहे. तो मी काढला.

बाबा, तुम्ही ती शपथ घेऊ नका. तुमचा विश्वास मला माहीत आहे. एकदा ते पाणी हातात घेतलंत आणि मागून कळलं, तर तुम्ही अन्न सोडाल.

मी निघाले त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या की अंगावरचे कपडे घेऊन जा, सामान इथेच राहील. विनय वर्तमानपत्र वाचत होता. मला सगळं नेता येणार नव्हतं, पण फ्रिज तुम्ही दोन वर्षं मनात धरून घेतला होता, तो मला त्यांच्या घरात गार राहायला नको होता. मागे एकदा शेजाऱ्यांच्या फ्रिजचा रिले गेला होता तेव्हा मेकॅनिक तो बदलताना मी बाजूला उभी होते. प्लग काढला, झाकण काढलं, रिले ओढून डब्यात टाकला. उन्हाळा तोंडावर होता. बापूसाहेबांना संध्याकाळी ग्लासात बर्फ लागतो.

त्यांनी मेकॅनिकला दाखवलं हे खोटं आहे. दाखवलं असतं तर झाकण काढताच कळलं असतं. ते दाखवणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडून आलेल्या कोणत्याही वस्तूची त्या घरात दुरुस्ती झाली नाही, फक्त नावं ठेवली गेली. मलाही कोणत्या डॉक्टरला दाखवलं नाही, मी दोनदा म्हणाले तरी. आणि विनय जायला तयार नव्हता. जे मोडलं असं वाटेल ते ही माणसं परत करतील, एवढा हिशेब मी केला, तो बरोबर निघाला.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुमच्या पोटात काही राहत नाही. आत्यालाही आजच सांगितलं. ती मला आधी रागावली आणि मग तिने शिरा केला.

बसवताना प्लग काढलेला असू द्या. वायरींवर चिकटपट्टीखाली आणि रिलेवर मी तेव्हाच नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. लालला लाल, गुलाबीला गुलाबी. मग रिले पिनांवर सरळ दाबा, हातोडी नको. रविवारी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव घ्यायला माझी हरकत नाही.

माझ्यावर राग धरू नका. तुमच्या मायेतच ठेवा.

तुमची,
क्षमा


जबलपूर
२८ मे २०२५

चि. क्षमास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. बेबीताईस शि. सा. नमस्कार. तिला हे वाचून दाखव.

डबा शनिवारी सकाळी मिळाला. तुझं पत्र वाचून मी आधी घाबरलो, मग तुझ्यावर चिडलो, मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काहून चिडता, पोरगी कोणावर गेली ते दिसून राहिलं. लालला लाल, गुलाबीला गुलाबी लावलं. मी रिले पिनांवर धरून बजरंगबलीचं नाव घेत राहिलो, शेवटी तिनेच दाबलं. प्लग लावला, मडकं घुं करून सुरू झालं, आणि संध्याकाळपर्यंत बर्फ. रविवारी सकाळी मी तो बंद करून ठेवला.

सगळे वेळेवर आले. बापूसाहेब विनयला घेऊन आले आणि आमची आरामखुर्ची धरून बसले. दादांनी तांब्या उघडला. बापूसाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यांच्या घरच्या कोणाचा हात यंत्राला लागला नाही असं सांगितलं. तिथे थांबले असते तर वाचले असते. पण ऐकणारे पुष्कळ होते, त्यांना जोर चढला. कोणी विचारलं नव्हतं, तरी तसंच पाणी धरून म्हणाले की घरी मेकॅनिक बोलावला, त्याने मागून सगळं उघडून पाहिलं आणि हा माल मुळातच बाद आहे असं सांगितलं.

मग दादा माझ्याकडे वळले. मी ओंजळ केली नाही. बापूसाहेब हसले, म्हणाले, का हो रत्नाकरराव, हात आखडले? मी म्हणालो की मला शपथ घेता येत नाही, कारण रिले माझ्या मुलीनं काढला. तुमच्या घरातून निघताना काढला आणि डब्यात घालून नागपूरला नेला. मी फ्रिज फिरवला, झाकण काढलं, रिले ओढून काढून तीन पिना दाखवल्या. म्हणालो, मागून उघडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी हेच दिसतं. तुमच्या मेकॅनिकला दिसलं नाही काय? आणि रिले परत लावून प्लग लावला. मडकं बोलायला लागलं.

तेव्हा चिंतामणीदादांच्या पत्नी पद्मजाकाकू, ज्या एरवी सरबताच्या पुढे बोलत नाहीत, पदर सावरून बापूसाहेबांना म्हणाल्या की भाऊजी, मग सुनेलाही डॉक्टरांना असंच दाखवलं होतं काय?

पोरी, मी पुष्कळ दिवस सूड सूड करत होतो, पण माझ्या डोक्यात इतका धारदार कधी आला नव्हता. बापूसाहेब रुमालाने ओंजळ पुसत राहिले, पुसत राहिले, आणि उठले. जाताना त्यांना दाराचा उंबरा लागला. मी सावरलं नाही. सगळ्यांनी बर्फाचं पाणी पिऊन झाल्यावर दादांनी आपणहून सांगितलं की तुझं बाकीचं सामान ते स्वतः उभे राहून आणवतील.

आता खरी गोष्ट. काल विनय एकटा आला. दारात उभा राहून म्हणाला की तो डॉक्टरकडे जाऊन येईल, आधी स्वतःला दाखवेल, आणि तू परत येशील का, एवढं विचारा. वडिलांना सांगून आलास काय, असं मी विचारलं तर खाली पाहायला लागला. मला तर त्याला पायरीवरूनच हाकलायचं होतं. पण हे उत्तर माझं नाही. तू हो म्हण, नाही म्हण, मी तेच सांगेन, आणि नाही म्हणालीस तर जरा मोठ्यानं सांगेन.

ऊन फार होतं, म्हणून आत बसवलं आणि पाणी दिलं. नळाचं. गच्चीच्या टाकीतून येतं ते, या दिवसांत हात पोळतो. फ्रिज त्याच्या पाठीमागेच चालू होता. त्याला ऐकू येत होता, कारण एकदा त्याने वळून पाहिलं. मग त्याने पेला पूर्ण संपवला.

पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणाला आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याला तेच पाणी देणार. तेव्हा उत्तर लवकर पाठव.

तुझा,
बाबा