दसऱ्याचा पाना

बाबा, सध्या मी कामणच्या एका कारखान्यासाठी सुरक्षेची पुस्तिका तयार करते आहे. आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण, असं लांबलचक नाव आहे तिचं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "एवढं वाचनार कोन?" खरंच कोणी वाचत नाही हो. म्हणून मी कामगारांमध्ये बसून, त्यांच्याच तोंडचे शब्द घेऊन लिहिते. सांडलेलं तेल, रसायनाची रिकामी पिंपं, कानात घालायचे बोळे, सगळं लिहून झालं. यंत्रांच्या फिरत्या भागांवर बसवायच्या जाळ्यांपाशी मात्र गाडी अडली.

मी लहान होते, वसई पूर्वेचे कारखान्यांचे गाळे तेव्हा नवे होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून वटार गावाला नेता, ओळखीच्या वाडीतून झेंडू घेता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात घरच्यांना मुभा. तुम्ही तुमचं प्रेसचं यंत्र धुऊनपुसून घेता, पट्ट्यावरची जाळी खोलून भिंतीला टेकवता आणि थेट चाकाला हळदकुंकू लावता. "जालीला कसली पूजा? देव आत हाय," म्हणता, तशी आई पदराआड हसते. मग पाने, हातोड्या यंत्रापुढे मांडता. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही तुमची रीत. पाना उचलायचा नाही म्हणजे जाळीही बसवायची नाही. त्या वर्षी ती भिंतीलाच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तशीच प्रेस चालू केलीत. पट्ट्याने सदऱ्याची बाही धरली आणि तुम्हाला आत ओढलं.

मालक म्हणाला, जाळी त्यांनीच काढली होती. आई म्हणाली, मालाची घाई मालकालाच होती. मी आईचं म्हणणं धरून मोठी झाले. हे कामही बहुधा त्या रागातूनच पत्करलं.

गेल्या आठवड्यात मी लिहिलं: पूजा जाळीवरूनच करावी, जाळी काढलीच, तर ज्याने काढली त्याने ती बसवल्याशिवाय यंत्र चालू करू नये. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पूजेचं नको, उगाच भावना दुखावतील." मी हटून बसले, तेव्हा कुठे ते ठेवलं. काल घरी येऊन मोठ्या उत्साहाने आईला वाचून दाखवलं. आपली उमेळ्याची वाडी गेली, आता तिथल्याच इमारतीत राहतो आम्ही. भाजी निवडता निवडता आई थांबली. "म्हंजे चूक त्यांचीच, असंच लिवलंस ना?" ती उठून आत गेली आणि रात्री जेवली नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी मालकावर चिडत आले, ते सोपं होतं. काल पहिल्यांदा तुमच्यावर चिडले. खूप रडले, तरी राग जात नाही. जाळी बसवायला असा कितीसा वेळ लागला असता हो, बाबा?