विंचू उतरल्यावर

पुणे, ४ मार्च १९७३

ती. आसाराममामांस,
बनूचा शि. सा. नमस्कार.

इथल्या आमटीत डाळ शोधावी लागते. मामींना सांगू नका, डबा पाठवतील. विंचवावर डॉक्टरकीत काय शिकवतात, असं विचारलंत. मज्जातंतूंना बारीक दारं असतात. दार उघडलं की बाहेरच्या मिठातला सोडियम आत शिरतो नि निरोप पुढे जातो. लगेच दार मिटतं. पाण्यानं वाफा भरला की तुम्ही पाटाची दारं बुजवता तसंच. विष ते दार नीट मिटू देत नाही. निरोप जातच राहतात, म्हणून ठणका. हृदयाकडच्या तंतूंचंही तेच होतं. तेव्हा ठणका नसला, पण घाम, उलटी, हातपाय गार असतील, तर विंचू उतरला म्हणू नका. नगरला पाठवा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, राग नसावा.
तुमची बनू

घोडेगाव, ११ मार्च

चि. बनूस अनेक आशीर्वाद.

दारं धरायला तुला मीच शिकवलं, आता तू मला शिकवतेस! मामी हसून बेजार. पण पोरी, तीस वर्षं अंगारा लावून विंचू उतरवतोय. शेकडो माणसं रडत आली, हसत गेली. तुझी आई तेवढी गेली. तिचं आयुष्यच तेवढं होतं.

जेवत जा.
आसाराम

घोडेगाव, २ एप्रिल

चि. बनूस आशीर्वाद.

गेल्या सोमवारी दुष्काळी कामावर खडी फोडताना साळूबाईच्या चांगुणेला विंचू चावला. मी अंगारा लावला. तासाभरात म्हणाली, आता दुखत न्हाई, लई बरं हाय. साळूबाई माझ्या पाया पडली. मी चांगुणेचा हात धरला, तर गार. कपाळ घामानं थबथबलेलं. तुझं पत्र आठवलं. खडीच्या ट्रकमधून तिला नगरला नेलं. तीन दिवस डॉक्टर तिच्या हृदयाला जपत होते. काल घरी आली.

लोक मला हात जोडतात, मला घास उतरत नाही. तुझ्या आईला विंचू चावला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. नगरला न्यायला गाडी जुंपली होती. तुझी आई म्हणाली, दादा, दुखायचं थांबलं. मीच बैल सोडायला लावले. तिचेही हात गार होते. बनू, तुला हे कळलं होतं का?

आसाराम

पुणे, ६ एप्रिल

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

कळलं होतं. शिकवलं त्या दिवशी वर्गातून उठून गेले. नंतर चार पत्रं फाडली. शेवटी आईचं नाव गाळून नुसतं दारांचं लिहिलं. तेव्हा गाडी नगरला पोचली असती तरी आई वाचलीच असती, असं कोणी सांगू शकत नाही. मला वाढवलंत तुम्ही. तुमच्यावर माझा राग नाही.

लोक आधी तुमच्याकडेच येणार, तेव्हा अंगारा सोडू नका. फक्त लावताना हात हातात घेत जा, आणि गाडी जुंपलेलीच असू द्या.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची बनू